श्रीलंकेत बंदरं नक्की चालवतं कोण? हंबनटोटाबद्दल नीट माहिती हवी आहे

खाडीकाठ_देवगड:

नमस्कार मंडळी. आमच्या भागात खाडीच्या तोंडाशी मोठी मालाची जेटी येणार अशी चर्चा शिमग्यापासून चालू आहे. कागद कोणीच बघितलेला नाही पण वाडीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो कोलंबोसारखं होईल, पोरांना मुंबई गाठायला नको. दुसरा म्हणतो हंबनटोटा होईल, नव्याण्णव वर्षं गेलं हातातनं. दोघंही श्रीलंकेचंच नाव घेतात आणि दोघांकडेही व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डपलीकडे काही नाही.

मला हे मुळापासून समजून घ्यायचंय. श्रीलंकेत बंदराचा कारभार आधी कोणाकडे होता, तो बदलला कधी आणि का, एकाच देशात एक बंदर एवढं चालतं आणि दुसरं अडकतं ते कशामुळे. आणि आपलं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड या सगळ्यात कुठे बसतं. कोणी बंदरात किंवा बोटीवर काम केलेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल, मी प्रिंट काढून वाचनालयात लावणार आहे.

जुना_टॅलीक्लार्क:

खाडीकाठ, लांब लिहितो कारण १ ऑगस्ट १९७९, म्हणजे तिथली बंदरं एका संस्थेखाली आली, ही एक तारीख समजली की बाकीचं आपोआप लागतं, आणि ती समजायला बरंच मागे जावं लागतं.

सिलोनला जाणारी मोठी बोट पूर्वी गॉलला लागायची, पार दक्षिणेला. कोलंबोचा किनारा उघडा, नैऋत्येचा वारा सुटला की बोटीला उभं राहणं मुश्कील. १८७५ च्या डिसेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून ब्रेकवॉटरचा, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाचा, दगड बसवला, आराखडा जॉन कूड नावाच्या इंजिनियरचा, आणि १८८५ ला तो पहिला बांध पुरा झाला. मग डाकबोटी, कोळसा, चहा सगळं कोलंबोकडे वळलं आणि गॉल मागे पडलं. तरी आत आलेली बोट धक्क्याला लागत नव्हती हां. ती मध्ये बोयाला बांधून उभी राहायची आणि माल पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचा. आपल्याकडे हर्णैला कोकण लाइनची बोट बाहेर उभी राहून पडावातनं उतारू न् बोचकी यायची ना, तोच प्रकार, तिथे चहाच्या पेट्या आणि तांदळाची पोती.

आता कारभार. १९१३ ला कोलंबो पोर्ट कमिशन झालं, सरकारी. त्यांच्याकडे पाणी, बोटीला वाट दाखवून आत आणणारे पायलट, बोट ओढणारे टग, बांध, धक्के. मालाला हात लावायचा तो मात्र खाजगी कंपन्यांनी, बोटीतनं काढणारे वेगळे, किनाऱ्यावर उतरवून घेणारे वेगळे. कामगार रोजंदारीचा, बोट आली तर काम नाहीतर घरी. बोट रखडली की कमिशन कंपन्यांकडे बोट दाखवणार, कंपन्या कमिशनकडे. १९५० च्या दशकात क्वीन एलिझाबेथ क्वे वगैरे धक्के बांधले, बोटी कडेला लागायला लागल्या, पण मालाची व्यवस्था तीच जुनी. १९५६ ला बंडारनायके सरकार आलं आणि १ ऑगस्ट १९५८ ला मालाचं सगळं काम राष्ट्रीयीकरण करून पोर्ट कार्गो कॉर्पोरेशनकडे दिलं. कामगार कायम झाला, हे मोठं काम झालं असं मी मानतो, कोणी काही म्हणो.

मग १९६७ ला अजून एक तिसरं कॉर्पोरेशन काढलं, फक्त टॅली, म्हणजे मालाची मोजणी, आणि राखणीसाठी. बाहेरच्या माणसाला वाटेल एवढ्यासाठी वेगळी संस्था कशाला. मी मुंबईच्या गोदीत टॅली केलीय म्हणून सांगतो. हॅचच्या, म्हणजे बोटीतल्या मालाच्या खणाच्या, तोंडाशी दोन माणसं उभी असतात, एक गोदीचा एक बोटीचा, दोघांच्या हातात पुठ्ठ्यावर लावलेलं टॅली शीट. स्लिंग, म्हणजे मालाची झोळी, वर आली की किती पोती, फाटलेली किती, ओली किती, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पाळी संपली की दोघांचे आकडे जुळवायचे, आणि जुळले नाहीत की एका गोणीवरनं कागद महिनोन्महिने फिरतो, कारण ज्याच्या ताब्यात माल असताना तूट आली त्याने भरपाई द्यायची. उतरवणारा आणि मोजणारा एकच असला तर मोजणीवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून वेगळी संस्था. कल्पना चुकीची नव्हती. पण परिणाम काय झाला तर एकाच बोटीला पायलट देणार कमिशन, माल काढणार कॉर्पोरेशन, मोजणार आणि राखणार तिसराच, तिघांचे साहेब वेगळे, पगार वेगळे, युनियन वेगळ्या. कंटेनर यायला लागल्यावर हे चालणं शक्यच नव्हतं.

म्हणून १ ऑगस्ट १९७९. तिन्ही संस्था एकत्र करून श्रीलंका पोर्ट्स ऑथॉरिटी, १९७९ चा ५१ नंबरचा कायदा. कोलंबो, गॉल, त्रिंकोमाली सगळी एका छताखाली. १९८० च्या दशकात जपानच्या मदतीने जया कंटेनर टर्मिनल उभं राहिलं, ऑथॉरिटीच्या स्वतःच्या माणसांनी चालवलं आणि आपल्याकडचे कंटेनर कोलंबोला जाऊन मोठ्या बोटीत चढायला लागले. त्या वेळी आमच्या इथल्या जुन्या लोकांना फार लागायचं हे, की माल आपला न् कमाई तिकडे.

१९९९ पासून खाजगी आले. क्वीन एलिझाबेथ क्वे ३० वर्षांसाठी एका खाजगी गटाला दिला, त्याचं साउथ एशिया गेटवे टर्मिनल झालं. त्याच साली आपल्या न्हावा शेव्याला पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल सुरू झालं आणि दोन्हीकडे पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी होती. पुढे २०१३ ला चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीचं टर्मिनल, ३५ वर्षांचा करार, ८५ टक्के त्यांचे न् १५ ऑथॉरिटीचे. म्हणजे चिनी कंपनी कोलंबोतही आहे, खाडीकाठ, आणि तिथे कोणी बंदर गेलं म्हणत नाही. हा मुद्दा तुमच्या दोन्ही तटांना सांगा.

हंबनटोटा वेगळं. ते ऑथॉरिटीने चीनच्या एक्झिम बँकेचं, म्हणजे तिथल्या सरकारी बँकेचं, कर्ज घेऊन स्वतः बांधलं, पहिल्या टप्प्याला ३० कोटी ७० लाख डॉलर, २०१० च्या नोव्हेंबरात उद्घाटन. मागे शहर नाही, कारखाने नाहीत, बोटी येईनात. २०१२ ला सरकारने गाड्या आणणाऱ्या बोटी तिकडे वळवायला लावल्या तेव्हा थोडी हालचाल दिसली. मालक तेच, चालवणारे तेच, कर्जदारही तेच, म्हणजे तोटा झाला की बाहेरून प्रश्न विचारणारा कोणीच नाही. २०१७ ला चायना मर्चंट्सला ९९ वर्षांनी दिलं, ११२ कोटी डॉलरला. लोक म्हणतात कर्ज फिटलं नाही म्हणून चीनने जप्त केलं, तसं नाहीये. ते पैसे देशाच्या डॉलरच्या गंगाजळीत गेले कारण इतर देणी अंगावर आली होती. बंदराचं कर्ज तसंच राहिलं आणि ते सरकारी तिजोरीवर गेलं. बंदर भाड्याने गेलं आणि हप्तेही चालूच. मला तर हे जप्तीपेक्षा वाईट वाटतं.

खाडीकाठ_देवगड:

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप खूप आभार. कर्जाचं हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि गावात तर कोणालाच नाही.

एक विचारतो, मग १९७९ ला सगळं एकत्र केलं ते बरोबर होतं की चूक? कारण तुमच्या लिहिण्यातनं कोलंबो त्यामुळे वर आलं असंही वाटतं आणि हंबनटोटा त्यामुळेच अडकलं असंही वाटतं.

वाचते_वेंगुर्ला:

काकांनी इतिहास छान मांडलाय, तुझ्या प्रश्नाचं माझ्या परीने सांगते. एकत्र केलं ते त्या वेळी बरोबरच होतं. पुढची पायरी चढायची राहिली.

सिंगापूर बघ, तोही बेटाचाच देश आणि सुरुवात जवळपास सारखी. तिथे १९१३ ला हार्बर बोर्ड, १९६४ ला पोर्ट ऑफ सिंगापूर ऑथॉरिटी, म्हणजे पीएसए, आणि तिच्याकडे सगळंच होतं, नियम, पायलट, धक्के, क्रेन, गोदामं. १९७२ ला तांजोंग पागरला पहिली कंटेनर बोट लागली. इथपर्यंत कोलंबोच्या ऑथॉरिटीसारखीच गोष्ट आहे. पण १९९६ च्या फेब्रुवारीत त्यांनी नियम करणारी खाती पीएसएमधून काढली, मरीन डिपार्टमेंट आणि मेरीटाइम बोर्डाला जोडली आणि मेरीटाइम अँड पोर्ट ऑथॉरिटी नावाची वेगळी संस्था केली. १९९७ ला उरलेल्या पीएसएची कंपनी झाली, शेअर सरकारच्याच टेमासेक या गुंतवणूक कंपनीकडे. म्हणजे विकून टाकलं नाही, मालकी सरकारचीच राहिली, पण धंदा करणारा वेगळा आणि शिट्टी वाजवणारा वेगळा. ती पीएसए आता आपल्या न्हावा शेव्यालाही टर्मिनल चालवते.

श्रीलंकेत ही फारकत झालीच नाही. पोर्ट्स ऑथॉरिटी जागेची मालक, खाजगी टर्मिनलमध्ये १५ टक्क्यांची भागीदार, स्वतःचं जया टर्मिनल चालवते म्हणून त्याच खाजगी टर्मिनलची स्पर्धक, आणि बंदराचे नियमही तीच लावणार. बाजारात एकाच माणसाने गाळे भाड्याने द्यायचे, स्वतःचंही दुकान मांडायचं आणि शेजारच्याचं वजनकाटाही आपणच तपासायचा, असं झालं ते. माणूस कितीही सज्जन असला तरी भांडण ठरलेलं. २०१९ ला ईस्ट टर्मिनल भारत आणि जपानबरोबर करायचा समझोता झाला, कामगार संघटनांनी विरोध केला, २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने तो मोडला आणि ते टर्मिनल पूर्ण ऑथॉरिटीकडे ठेवलं. त्याच वर्षी शेजारचं वेस्ट टर्मिनल ३५ वर्षांसाठी दिलं, अदानी ५१ टक्के, जॉन कील्स ही श्रीलंकेची कंपनी ३४, ऑथॉरिटी १५, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ते चालू झालं. एका बाजूचं टर्मिनल द्यायचं नाही आणि लागूनचं द्यायचं, यामागे बंदराचं धोरण काय होतं ते मला शोधून सापडत नाही, त्या त्या वेळचा दबाव तेवढा दिसतो.

आता आपल्याकडे. मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ चा. मोठ्या बंदरांना १९६३ चा कायदा होता, तो जाऊन २०२१ चा मेजर पोर्ट ऑथॉरिटीज ॲक्ट आला, त्यात बंदर ऑथॉरिटीने जागा सांभाळायची आणि टर्मिनल दुसऱ्याला चालवायला द्यायचं हाच कल आहे. दर ठरवायला १९९७ पासून वेगळं प्राधिकरण होतं, २०२१ नंतर ते काम बंदराच्या बोर्डाकडेच गेलं. देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला, जयगड ही सगळी छोटी बंदरं राज्याची, म्हणजे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची, ते १९९६ च्या कायद्याने झालं. फेरीबोटीचं लायसन त्यांच्याकडे, जेटीची परवानगी त्यांच्याकडे, खाजगी बंदराशी करार त्यांचा, आणि पालघरच्या वाढवण बंदरात २६ टक्के भागीदारीही त्यांची, उरलेले ७४ जेएनपीएचे, म्हणजे न्हावा शेव्याच्या बंदर प्राधिकरणाचे. बोर्डात चांगली माणसं आहेत, पण परवानगी देणाऱ्याने भागीदार व्हायचं हे मला खटकतं आणि मी ते उघड बोलते.

बोटीवरचा_गुहागर:

ताई तुमचं बरंचसं पटलं पण कोलंबो चाललं ते कारभारामुळे आणि हंबनटोटा अडकलं तेही कारभारामुळे, एवढ्यावरच सगळं नाहीये. मी कंटेनर बोटीवर असतो, कोलंबो नेहमीचं. युरोप न् पूर्वेकडच्या मेन लाइनवरनं जराशी वाट वाकडी केली की कोलंबो, बोटीचा वेळ फारसा जात नाही, हे त्यांना देवाने दिलंय. दुसरं म्हणजे खोली. चायना मर्चंट्सच्या टर्मिनलला १८ मीटर पाणी आहे. भरलेली मोठी बोट तिथे बिनधास्त लागते, आपल्याकडे न्हावा शेव्याला चॅनल, म्हणजे बोटीची वाट, खणून खणून पाणी ठेवावं लागतं, गाळ परत येतोच.

कोलंबोत रात्री बर्थवर असलो की बघत बसतो. एका क्रेनखाली फीडरमधनं, म्हणजे छोट्या बोटीतनं, उतरलेला डबा, कोचीचा असेल नाहीतर तुतिकोरीनचा, ट्रेलरवरनं यार्डात जातो, तिथे रचून ठेवतात, आणि आमची मोठी बोट आली की तोच डबा परत ट्रेलरवर चढून आमच्यात येतो. डबा श्रीलंकेत कुठेच जात नाही, दार पण उघडत नाहीत. कोलंबोचा ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे असा बोट बदलून जाणारा, बहुतेक माल भारताचाच आहे. आता केरळात विळिंजम चालू झालंय, २०२५ च्या मेमध्ये उद्घाटन झालं, तिथेही खोली आहे, तर तो माल हळूहळू आपल्याकडे वळेल. त्यामुळे देवगडच्या खाडीत कोणी कोलंबोचं स्वप्न दाखवत असेल तर आधी विचारा पाणी किती, गाळ किती, आणि मेन लाइनची बोट इकडे वळणार कशासाठी.

आणि युनियनबद्दल. ताईंनी दबाव म्हटलं, मला तो शब्द जड वाटला. त्या माणसांनी १९५८ च्या आधीचे दिवस बापाकडनं ऐकलेत. टर्मिनल गेलं की नोकरी कॉन्ट्रॅक्टवर जाते हे जगभर बघितलंय आम्ही. सिंगापूरचं मॉडेल चांगलं आहे, मान्य, पण तिथे सरकारने कामगारांना नवीन क्रेनवर शिकवून सामावून घ्यायची ताकद दाखवली. ती तयारी नसताना नुसती फारकत केली तर मार खाणारा कोण ते ठरलेलंच आहे.

वाचते_वेंगुर्ला:

दादा, कामगारांचं म्हणणं रास्तच आहे, त्यावर वाद नाही. माझा राग त्यांच्यावर नाही, ज्यांनी करार करताना त्यांना विचारलं नाही त्यांच्यावर आहे. आधी बसून बोलले असते तर २०२१ ला अख्खा समझोता मोडायची वेळ आली नसती. आपल्या २०२१ च्या कायद्यात मोठ्या बंदरांच्या बोर्डावर कामगारांचे दोन प्रतिनिधी घेतलेत, तेवढं तरी बरं आहे.

रापणवाला_मालवण:

सगळ्यांनी बरा लिवल्यानी, पण माका एक सांगा, बोर्डार कामगाराक जागा असा, रेल्वेवाल्याक असा, कस्टमवाल्याक असा, मच्छीमाराक खय असा? चॅनल खणल्यावर रापण खय ओढूची ह्या कोणीच लिवक नाय.

मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. कोलंबोला बंदराला लागून समुद्रात भराव घालून पोर्ट सिटी केलीय, २६९ हेक्टर. त्याला लागणारी वाळू समुद्राच्या तळातनं काढली, आणि उत्तरेकडच्या नेगोंबोच्या मच्छीमारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, कारण तळ खरवडला की मासळीच्या जागा जातात, पाणी गढूळ होतं आणि किनारा खायला लागतो. काम २०१५ ला थांबलं, २०१६ ला परत सुरू झालं. मच्छीमारांसाठी पैसे ठेवले, पण पैसे घेऊन माणूस किती वर्षं खाणार, त्याच्या पोराने काय करायचं? रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायच्या मोठ्या जाळ्याला, वीस-तीस माणसं लागतात, दोरी ओढायला म्हातारं माणूसही येतं आणि त्यालाही वाटा मिळतो. किनारा गेला की तो वाटा कुठच्या कागदावर लिहिणार? माझं म्हणणं एवढंच की बंदर सरकारी असू दे, चिनी असू दे, आपल्या शेठजीचं असू दे, ज्याच्या पाण्यात ते होतंय त्याला टेबलावर खुर्ची नसेल तर आम्हाला तिघंही सारखेच.

जुना_टॅलीक्लार्क:

रापणवाले भाऊ, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. श्रीलंकेच्या इतिहासातही बघा, १९१३ ला सरकार आणि कंपन्या, १९५८ ला कामगार, १९९९ ला परदेशी भांडवल, प्रत्येक बदलात एक नवीन माणूस आत आला. मच्छीमार एकाही बदलात आला नाही. आपल्याकडे नवीन वाट पाडायची संधी आहे, ती सोडू नका.

खाडीकाठ_देवगड:

रापणवाले दादा, हे मी सगळ्यात वरती लावणार आहे. आता शेवटचं विचारतो, उद्या खरंच जेटीचा प्रस्ताव आला तर आम्ही नक्की कुठला कागद मागायचा? ग्रामसभेत नुसता विरोध किंवा नुसतं स्वागत करून काही होत नाही हे कळलंय.

वाचते_वेंगुर्ला:

पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी लागणारा प्रकल्प असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघायला हवी, आणि अहवालाचा मराठी गोषवारा जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळायला हवा. तो सुनावणीच्या दिवशी हातात घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात जाऊन आणा. त्यात गाळ किती काढणार आणि तो टाकणार कुठे हे वाचा, कारण मासेमारीच्या जागेवर टाकला तर चॅनलपेक्षा तोच जास्त नडतो.

मेरीटाइम बोर्डाकडे माहिती अधिकारात बंदर हद्दीचा नकाशा मागा. जेटीची जागा छोटी असते पण बंदराची हद्द समुद्रात लांबवर जाऊ शकते, आणि त्या हद्दीत जाळं टाकायचं की नाही हे पुढे बंदरवाला सांगायला लागतो. करार किती वर्षांचा आणि मुदत संपल्यावर जेटी कोणाकडे जाणार हे विचारा. पैसे उभे करायला बोर्ड स्वतः कर्ज घेणार का किंवा हमी देणार का हेही लेखी मागा, हंबनटोटाचं दुखणं तिथेच होतं. आणि बोर्ड स्वतः भागीदार असेल तर तक्रार ऐकणारा अधिकारी बोर्डाबाहेरचा असावा अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावातच घाला, तोंडी बोलू नका.

बोटीवरचा_गुहागर:

त्यात एक भर घाला. खाडीतनं बाहेर पडणाऱ्या होड्यांना बोटीच्या वाटेत किती वेळ थांबावं लागेल आणि रात्री त्यांना वाट द्यायचं काम कोणाचं, हार्बर मास्टरचं की कंपनीच्या माणसाचं, हे नावानिशी लिहून घ्या. मोठी बोट ब्रेक मारून उभी राहत नाही, तिला थांबायला मैलभर पाणी लागतं. भरतीला मोठी बोट आत येणार आणि त्याच भरतीला तुमच्या होड्या बाहेर पडणार.

खाडीकाठ_देवगड:

घेतलं लिहून. सोमवारी ग्रामसेवकांकडे जातोय, बंदर हद्दीच्या नकाशाचा अर्ज तिथेच बसून भरतो. रापणवाले दादा, ठरावात रापणीच्या जागांची यादी घालायची आहे, मालवणला तुम्ही लोकांनी अशी यादी केली असेल तर तिचा फोटो इथे टाका.

रापणवाला_मालवण:

आमच्या संघाच्या वहीत असा, सांजेक टाकतंय. तुमच्याकडच्या जागांची नावां मात्र तुमच्या म्हाताऱ्यांक विचारूनच लिवा, नकाशार ती गावाची नायत.